मशीन जामीन राहत नाही

गेले तीन आठवडे आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जे काही चाललंय ते वाचून शेवटी राहवेना म्हणून लिहायला बसले. निमित्त अण्णांच्या शोकसभेचं. अण्णा आमच्या शुक्रवार पेठेतल्या मंडळाचे एकतीस वर्षं खजिनदार होते, पेठेतलं एक घर असं नसेल ज्याचा जिना ते चढले नाहीत. तर शोकसभेत आमच्या सेक्रेटरीने, पंचविशीतला पोरगा आहे, एक भाषण वाचलं. अण्णा म्हणजे वटवृक्ष, त्यांच्या सावलीत आम्ही वाढलो, वगैरे. लोकांनी डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी कुणीतरी सहज विचारलं की एवढं छान मराठी कधीपासून लिहायला लागलास रे, तर तो सरळ म्हणाला की चॅटजीपीटीने लिहून दिलं. लपवायचं त्याच्या मनातही नव्हतं. आणि मग ग्रुपवर आग लागली ती अजून विझलेली नाही.

एका बाजूला आमचे जुने लोक. त्यांचं म्हणणं, मंडळ ही परंपरा आहे, इथे मशीन शिरलंच नाही पाहिजे, हा अण्णांचा अपमान आहे. दुसऱ्या बाजूला तरुण पोरं, बरीचशी आयटीतली. ती विचारतात की मग पावतीपुस्तक बंद करून क्यूआर कोड लावला तेव्हा परंपरा कुठे होती, एलईडीची माळ लावली तेव्हा कुठे होती? दोन्ही बाजू जोरात आहेत आणि माझ्या मते दोन्ही भलत्याच प्रश्नावर भांडतायत. जुने लोक मशीन शुद्ध की अशुद्ध एवढंच बघतात, तरुण लोक काम लवकर होतं की नाही एवढंच बघतात. मंडळ ही वस्तू मुळात कशासाठी असते, तिच्यात कुठलं काम म्हणजे नुसतं काम आणि कुठलं काम म्हणजे नातं, हे कुणीच विचारत नाहीये.

माझं मत आधीच सांगून टाकते. मंडळ, तालीम, दिंडी, भिशी, किंवा कॅम्पातली ती फ्रीमेसन लोकांची लॉज (फ्रीमेसन म्हणजे शपथा घेऊन एकमेकांना भाऊ मानणाऱ्यांची जगभरची जुनी संघटना, लॉज म्हणजे तिची शाखा), या सगळ्या एकाच जातीच्या गोष्टी आहेत. रक्ताचं नातं नसलेली माणसं एकमेकांना जामीन राहतात, त्यातून या संस्था उभ्या राहतात. याला मी ओळखतो, हा चुकला तर मला बोला, असं एका माणसाने दुसऱ्यासाठी म्हणणं हा त्यांचा पाया. एआय खूप काही करू शकतं पण जामीन राहू शकत नाही, कारण जामीन राहायला गमावण्यासारखं काहीतरी लागतं, पत लागते, तोंड दाखवायला जागा उरणार नाही ही भीती लागते. म्हणून जिथे जामीनकीचा प्रश्न नाही तिथे एआय खुशाल आणा, उद्या कशाला आजच आणा. आणि जिथे आहे तिथे ते शंभर टक्के अचूक असलं तरी बाहेर ठेवा.

जामीन हा शब्द मी उगाच वापरत नाहीये. २ एप्रिल १८७० ला याच पुण्यात सार्वजनिक सभा निघाली, पर्वती संस्थानच्या कारभाराबद्दल लोकांच्या तक्रारी होत्या त्यातून. गणेश वासुदेव जोशी, ज्यांना पुणे सार्वजनिक काका म्हणायचं, त्यात पुढे होते. त्या सभेचा सभासद व्हायला नुसती वर्गणी भरून चालत नव्हतं, किमान ५० माणसांचं मुखत्यारपत्र आणावं लागायचं. म्हणजे ५० लोकांनी सही करून सांगायचं की हा आमच्या वतीने बोलेल. सुरुवातीच्या ९५ सभासदांच्या मागे साधारण ६००० लोक होते असं सांगतात. निवडणुका, मतदारयाद्या असलं काही नसताना हे केलं! सभासद हुशार असेल नसेल, त्याचं इंग्लिश चांगलं असेल नसेल, पण तो चुकीचं बोलला तर गल्लीत त्याला अडवून विचारणारी ५० माणसं होती. फ्रीमेसनांचंही तेच, लॉजमध्ये घ्यायला नाव सुचवणारा एक आणि अनुमोदन देणारा एक असे आतले दोन जण लागतात. आणि आपल्या मानाच्या गणपतींपैकी तिसरा, गुरुजी तालमीचा, तो १८८७ पासून आहे, म्हणजे उत्सव सार्वजनिक व्हायच्याही आधीपासून, आणि एका हिंदू आणि एका मुसलमान घराने मिळून तो बसवला. तालमीच्या मातीत एकमेकांना पाडलेल्या आणि उचललेल्या माणसांनाच ते जमतं.

आता तरुणांच्या बाजूने जे बोललं जातंय त्यात खरंच दम आहे ते आधी मान्य करते. एक म्हणजे वेळ. आमचे निम्म्याहून जास्त कार्यकर्ते आता पेठेत राहतच नाहीत, वाडे पडले, कुणी धायरीला गेला कुणी वाकडला, ऑफिस हिंजवडीला. रात्री साडेनऊला गाडी काढून मीटिंगला येणाऱ्या पोराकडून तुम्ही काय अपेक्षा करणार? मांडवाची परवानगी, पोलिसांचं पत्र, महापालिकेचा अर्ज, स्पीकरची परवानगी, वीज कनेक्शन, धर्मादाय आयुक्तांकडे हिशोब, ऑडिट, हे सगळं दर वर्षी तेच तेच आणि दर वर्षी नव्याने लिहायचं. याच्यात कुठलं नातं तयार होतं? काहीच नाही, नुसती माणसं झिजतात आणि मग खऱ्या कामाला उरत नाहीत. हे सगळं एआयला द्या. मिरवणुकीत कुठल्या चौकात किती वाजता पोचू त्याचं वेळापत्रक, प्रसादाला किती किलो रवा लागेल, मागच्या दहा वर्षांच्या अहवालांची एक नीट पीडीएफ, सगळं द्या. ही कामं माणसानेच करावीत असं म्हणणाऱ्या काकांनी गेल्या पाच वर्षांत एक तरी अर्ज स्वतः लिहिलाय का, हा पोरांचा प्रश्न मला अगदी रास्त वाटतो.

दुसरा मुद्दा याच्यापेक्षा मोठा आहे आणि तो तरुणांनी नीट मांडलाच नाही, म्हणून मी मांडते. या भाऊबंदकीच्या संस्था आतल्या लोकांना उबदार असतात आणि बाहेरच्याला दार बंद. ज्ञान दाबून ठेवणं हा त्यांचा जुना रोग. जात बघून, घर बघून, बाई की पुरुष बघून शिकवलं गेलं, आणि मशीन यातलं काही बघत नाही, जो विचारेल त्याला सांगतं, रात्री दोनला सांगतं, दहाव्यांदा विचारलं तरी वैतागत नाही. हे मी हलक्यात घेऊच शकत नाही कारण मी स्वतः त्या बंद दाराबाहेर उभी होते. नव्वदच्या दशकात शाळांच्या पथकांमध्ये मुली वाजवायच्या, पण आमच्या मंडळात ताशाला हात लावायची मुलींना परवानगी नव्हती. नव्हती म्हणजे असा नियम कुणी लिहिला नव्हता, पण कुणी शिकवायचंच नाही, विचारलं की हसायचे. मी नववीत होते. खालच्या मजल्यावर एक काका राहायचे, छापखान्यात खिळे जुळवायचं काम करायचे आणि मंडळातले सगळ्यात चांगले ताशेवाले. ते संध्याकाळी गॅलरीत रॉकेलच्या रिकाम्या डब्यावर मला काड्या धरायला शिकवायचे. मनगट सैल, कोपर जागेवर, डावा हात दुबळा पडतो त्याला वेगळा घोटायचा. दोन महिने तो पत्र्याचा डबा वाजवून मी आख्ख्या वाड्याचं डोकं उठवलं.

मग आता सांगा, तेव्हा माझ्या हातात आजच्यासारखा फोन असता आणि त्यात हे सगळं शिकवणारं एआय असतं तर मी शिकले नसते का? शिकले असते, कदाचित लवकर शिकले असते, माझा हात कुठे चुकतोय ते व्हिडिओ बघून त्याने नेमकं सांगितलं असतं. हे मी मान्य करते. पण पुढचं ऐका. वाद्यपूजनाच्या दिवशी नदीपात्रात सगळं पथक उभं होतं, ढोलांच्या दोऱ्या ओढून पानं कसून झाली होती, आणि काकांनी आपल्या गळ्यातला ताशा काढून माझ्या गळ्यात घातला. कुणीतरी काहीतरी पुटपुटलं. काका म्हणाले, पोरगी चुकली तर मला बोला. बस, एवढंच. मला वाजवता येतं हे मला आधीही माहीत होतं, पण दार उघडलं ते त्या पाच शब्दांनी, आणि ते शब्द म्हणायला तीस वर्षं त्या पथकात वाजवलेला माणूसच लागत होता. मशीनने मला ताशा दिला असता, पथक दिलं नसतं. दाबून ठेवलेलं ज्ञान मोकळं झालं याचा आनंद मला कुणाहीपेक्षा जास्त आहे, पण ज्ञान मोकळं झालं म्हणजे संस्था मोकळी झाली असं होत नाही. त्यासाठी आतल्याच कुणाला तरी आपली पत पणाला लावावी लागते.

इथे लोक छापखान्याचं उदाहरण देतात. की पुस्तकं छापायला लागले तेव्हाही जुन्या लोकांनी अशीच बोंब मारली होती, आणि शेवटी भलंच झालं. उदाहरण बरोबर आहे पण ते पूर्ण बघू या ना. तुकोबांची गाथा १८६९ साली सरकारी मदतीने इंदुप्रकाश छापखान्यातून निघाली. त्याआधी अभंग वह्यांमध्ये आणि माणसांच्या तोंडात होते, इंद्रायणीत बुडवलेली गाथा लोकांच्या तोंडातून परत आली असंच आपण मानतो. मग छापील गाथा हातात आल्यावर दिंड्या बंद पडल्या का, पाठांतर संपलं का? उलट गाथा छापून जवळजवळ पन्नास वर्षं झाल्यावर, १९१७ ला, जोग महाराजांनी आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. पुस्तक बाजारात मिळत असताना पोरांना समोर बसवून शिकवायची गरज त्यांना का वाटली असेल? कारण अभंग वाचणारा आणि वारकरी यांच्यात फरक आहे. सप्ताहात वीणेचा पहारा असतो तो कधी बघितलाय का तुम्ही? वीणा जमिनीला टेकवत नाहीत, रात्री तीनला पहारा बदलतो तेव्हाही झोपेतून उठून आलेला माणूस आधीच्याच्या पाया पडतो आणि वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. तिथे तारांना आवाज द्यायचं काम मशीन करू शकतं हो, पण कुणाला उठवलं आणि कुणाच्या पाया पडलात?

फ्रीमेसनांचा इतिहास तर याच्यासाठी फारच शिकण्यासारखा आहे. त्यांच्या काही लॉजमध्येही आज हाच वाद आहे, विधी पाठ करायला एआय वापरावं का, सभेत वाचायचे निबंध त्याच्याकडून लिहून घ्यावे का. त्यांची पहिली ग्रँड लॉज लंडनला १७१७ ची मानतात. सगळा कारभार तोंडपाठ, गुप्ततेच्या शपथा, तीन पायऱ्या. एका पायरीवरून दुसरीवर जाण्याआधी सगळ्यांसमोर उभं राहून ठरलेल्या प्रश्नांची उत्तरं न बघता द्यायची, आणि ती करून घ्यायला आधीचा एखादा भाऊ बसतो. आता गंमत बघा, सॅम्युएल प्रिचर्ड नावाच्या माणसाने १७३० सालीच हे सगळे विधी छापून बाजारात आणले. म्हणजे जे गुपित आज एआय फोडेल म्हणून काही मंडळी घाबरतात ते जवळजवळ तीनशे वर्षांपूर्वी फुटलेलं आहे. तरी लॉज बंद पडल्या नाहीत. मुंबईत १८४३ ला भारतीय लोकांसाठी लॉज निघाली, विवेकानंदांनी १८८४ ला कलकत्त्यात दीक्षा घेतली. शब्द सगळ्यांना माहीत असूनही लोक येत राहिले, कारण ते शब्द कुणीतरी तुमच्याकडून घोटून घेतं आणि अडखळलात तर कानात सांगतं. म्हणून गुपित फुटेल ही भीती मला फोल वाटते. कानात सांगणारा उठून गेला आणि त्याच्या जागी फोन ठेवला, तर मात्र पाठ झालेलं अक्षरन्‌अक्षर बरोबर असेल आणि लॉजमध्ये दोन अनोळखी माणसं शेजारी उभी असतील.

जोतीराव फुल्यांचं उदाहरण एका तरुण कार्यकर्त्याने ग्रुपवर टाकलं आणि ते मला आवडलं म्हणून त्याला इथे उत्तर देते. त्याचं म्हणणं, सत्यशोधक समाजाने १८७३ मध्ये जुने विधी बाजूला ठेवून नवे केले, मग आम्ही नवी पद्धत आणली तर काय बिघडलं. बरोबर आहे, २४ सप्टेंबर १८७३ ला समाज निघाला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पहिलं सत्यशोधकी लग्न लागलं, भटजीशिवाय. जोतीरावांनी मंगलाष्टकं लिहिली ती मराठीत, नवरानवरीने एकमेकांना उद्देशून म्हणायची, त्यात नवरी बायकांच्या हक्काचं मागते आणि नवरा कबूल करतो. म्हणजे काय केलं त्यांनी? देव आणि माणूस, माणूस आणि माणूस यांच्या मधे उभा असलेला, न कळणाऱ्या भाषेत आपल्या वतीने बोलणारा मध्यस्थ काढला आणि शब्द माणसाच्या तोंडात परत दिले. अण्णांच्या शोकसभेत काय झालं? आपण आणि अण्णा यांच्या मधे एक नवा मध्यस्थ आणला, जो अण्णांना कधी भेटला नाही, आणि आपल्या वतीने त्याला रडायला लावलं. फुल्यांचं नाव घ्यायचं तर त्यांची बाजू कुठली पडते ते नीट बघून घ्या.

आता त्या वहीबद्दल सांगते, कारण माझं सगळं म्हणणं त्या वहीत आहे. अण्णांकडे लाल कापडी पुठ्ठ्याची वर्गणीची वही होती. नाव, घर नंबर, रक्कम, तारीख हे निळ्या शाईने, आणि कडेला पेन्सिलने बारीक अक्षरात शेरे. अण्णा गेल्यावर ती माझ्याकडे आली तेव्हा मी पहिल्यांदा ते शेरे वाचले. "यंदा मागू नये." "मुलाची फी." "स्वतः देतील, दार वाजवू नये." "आजोबा एकटे. पंधरा मिनिटं बसणे." शेवटचा शेरा सलग सहा वर्षं आहे आणि सातव्या वर्षी त्या नावावर एक आडवी रेघ. गेल्या वर्षी अण्णा आजारी असताना आमच्या सेक्रेटरीने पाच वर्षांची वर्गणीची एक्सेल एआयला दिली. त्याने ज्यांची वर्गणी कमी झालीय अशा चाळीसेक घरांची यादी काढून दिली आणि वर एक गोड भाषेतला आठवणीचा मेसेजही लिहून दिला. तो सगळ्यांना गेला. त्यात एक घर असं होतं जिथे नवऱ्याची नोकरी जाऊन आठ महिने झाले होते. वहीत त्या घरापुढे पेन्सिलने लिहिलेलं होतं, यंदा मागू नये. ताईंनी पाकिटात ५०१ रुपये घालून पाठवून दिले आणि दहा दिवसांत एकदाही आरतीला आल्या नाहीत.

यावर पोरांचं उत्तर ठरलेलं आहे, आणि ते तर्काला धरून आहे. की मग पेन्सिलचे शेरेपण एक्सेलमध्ये टाका, एआयला माहिती कमी होती म्हणून चूक झाली, माहिती द्या चूक होणार नाही. मी यावर बरेच दिवस विचार केला. पहिली गोष्ट, ते शेरे आले कुठून? अण्णा तीन मजले चढून जायचे, चहा घ्यायचे, मग दार लावून घेताना ती बाई हळूच काहीतरी सांगायची. क्यूआर कोडवर वर्गणी घ्यायला लागल्यापासून कुणी जिना चढतच नाही, मग पुढच्या वर्षीचा शेरा कोण लिहिणार? जुन्या माणसाने जमवलेलं तुम्ही मशीनला एकदा खाऊ घालाल, नवीन जमणार नाही. आणि दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. ते अण्णांना सांगितलं होतं, मंडळाला नाही. कुणाची फी भरायची राहिलीय, कुणाचा मुलगा दारू पितो, हे अण्णांनी कार्यकारिणीतसुद्धा कधी काढलं नाही. ते कुठल्या तरी कंपनीच्या सर्व्हरवर टाकायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

महाराष्ट्रात याचा एक जुना आणि फार बोलका दाखला आहे. परमहंस सभा. १८४९ ला मुंबईत निघाली, दादोबा पांडुरंग त्यातले, आपण ज्यांना मराठी व्याकरणकार म्हणून ओळखतो तेच. जातिभेद मोडायचा ही प्रतिज्ञा, पण समाजाच्या भीतीने सगळं गुप्त, आत येणाऱ्याने सगळ्यांदेखत पाव खायचा, तेव्हाच्या काळात तेवढ्यावरून माणूस वाळीत पडत होता. आणि १८६० च्या सुमाराला सभेची कागदपत्रं, सभासदांच्या नावांची यादी, कुणीतरी चोरली. संपली सभा. विचार कुणी खोडून काढले नव्हते, एक यादी फुटली आणि एवढी धाडसी माणसं पांगली. पुढे त्यातल्या काहींनी १८६७ ला उघडपणे प्रार्थना समाज काढला. आज कार्यकर्त्यांचे फोन नंबर, पत्ते, कुणाने किती दिले, कुणाशी वाद आहे, हे सगळं आपण बटण दाबून बाहेर पाठवतो आणि वर म्हणतो की त्यात काय एवढं. एकमेकांनी विश्वासाने सांगितलेलं जपणं हे भाऊपणाचं पहिलं काम आहे, ते आपण मोफत ॲपच्या बदल्यात देऊन टाकतोय.

एक सूचना अशीही आली की मंडळातली भांडणं सोडवायला एआय वापरू, ते निःपक्ष असतं, त्याला ना पेठेचं राजकारण ना जुनी उणीदुणी. थोडक्यात बोलते. १९१५ च्या फेब्रुवारीत गोपाळ कृष्ण गोखले गेले, त्यानंतर गांधीजींनी गोखल्यांनीच काढलेल्या भारत सेवक समाजात यायची इच्छा धरली. सभासदांमध्ये मतभेद झाले, काहींना त्यांचे विचार आणि पद्धत पटत नव्हती. समाजाच्या सात शपथांमध्ये कुणाशी वैयक्तिक भांडण करणार नाही अशी एक शपथ आहे. संस्थेत फूट नको म्हणून गांधीजींनी आपणहून अर्ज मागे घेतला, आणि नाती टिकली. निःपक्ष मशीनला विचारलं असतं तर त्याने दोन्ही बाजू मांडून सुरेख निकाल दिला असता आणि हरलेली बाजू कायमची दुखावून बसली असती. भाऊबंदांच्या भांडणात कोण बरोबर यापेक्षा कोण मागे सरकतो याला किंमत असते, आणि मशीनला मागे सरकता येत नाही कारण ते कधी पुढे उभंच नसतं.

आमच्या लोकांना हे सगळं कळायला अवघड जाऊ नये खरं तर, कारण आपण हे मिरवणुकीत बघितलंय. स्पीकरच्या भिंती आल्या तेव्हा काय झालं? आवाज दसपट वाढला आणि हात कमी झाले. एका पथकाला शंभर दीडशे पोरं लागतात, दोन महिने नदीपात्रात सराव लागतो, बोटांना चिकटपट्ट्या लावाव्या लागतात, कुणाला चक्कर आली तर त्याचा ढोल दुसऱ्याने घ्यायचा. भिंतीला एक ऑपरेटर आणि एक जनरेटर पुरतो. गणपती दोन्हींच्या पुढे चालतो. पण अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी पथकातली पोरं आयुष्यभराची दोस्त झालेली असतात आणि भिंतीपुढे नाचलेली पोरं कान दुखतायत म्हणून घरी झोपलेली असतात. जुन्या लोकांना डीजे नको होता तेव्हा त्यांनी आवाजाच्या डेसिबलवर वाद घातला, हातांबद्दल कुणी बोललं नाही. आता एआयच्या वेळी पण तीच चूक चाललीय.

आणि आता ज्या पोरावरून हे सगळं सुरू झालं त्याच्याबद्दल. ग्रुपवर त्याला जे बोललं गेलं ते वाचून मला वाईट वाटलं, कारण त्याने मशीन का वापरलं हे आमच्यापैकी कुणी विचारलं नाही. मी विचारलं. दोन वर्षांपूर्वी वार्षिक सभेत त्याने स्वतः लिहिलेला अहवाल वाचला होता. इंग्लिश मिडियमचा मुलगा, मराठी बोलतो झकास पण आकडे अडखळतात. त्याने एकोणसाठ हजारांना एकोणसत्तर हजार वाचलं आणि सगळी खोली हसली, अण्णा सोडून. मीपण हसले होते. तो मला म्हणाला, मावशी, अण्णांच्या सभेत लोक माझ्या मराठीला हसले असते तर मला सहन झालं नसतं, त्या दिवशी तरी नाही. मी काय बोलणार? त्याने आळसाने मशीन नव्हतं वापरलं, अण्णांवरच्या प्रेमाने वापरलं होतं, आणि आमच्या हसण्याला घाबरून. मशीन त्याला हसणार नव्हतं. ज्या खोलीत माणसं हसतात तिथला माणूस मशीनकडेच जाणार. म्हणून परंपरेचं रक्षण करायला निघालेल्या सगळ्यांना माझं हेच विचारणं आहे की त्या दिवशी तुमच्यापैकी एक जण उठून, पोरगा चुकला तर मला बोला, असं का म्हणाला नाही? मी का म्हणाले नाही?

भाषणाआधी त्याने स्वतः काय लिहायचा प्रयत्न केला होता ते मी त्याला दाखवायला सांगितलं. फोनच्या नोट्समध्ये चार ओळी होत्या. अण्णा मला हिशोब शिकवताना स्वतः मुद्दाम चुकायचे म्हणजे मला चूक पकडता यावी, अशी त्यातली एक. ही ओळ त्या वटवृक्षाच्या भाषणात कुठेच नव्हती, मशीनला ती दिलीच नव्हती, कारण त्याला वाटलं की ही काही भाषणात सांगायची गोष्ट नाही. अण्णांच्या बायकोला, वहिनींना, मी ती ओळ वाचून दाखवली तर त्या कितीतरी वेळ काही बोलल्याच नाहीत, मग म्हणाल्या, हो, घरी मुलांशीपण तसंच करायचे.

परवाच्या मीटिंगमध्ये मी उभी राहिले आणि सांगितलं की यंदा अर्ज, परवानग्या, ऑडिटचे कागद सगळं एआयवर करायचं, त्याची जबाबदारी याचीच, आणि वर्गणीला घरोघर जायचं, ती वही याच्याकडे द्यायची, आणि हा कुठे चुकला तर मला बोला. दोघांनी तोंड वाकडं केलं, पण झालं मंजूर.

रविवारी आम्ही दोघं पहिल्यांदा बाहेर पडलो. तो वहीला कव्हर घालून घेऊन आला होता. पाच घरं झाल्यावर एका जुन्या वाड्याच्या तिसऱ्या मजल्यावर गेलो, दार अर्धवट उघडं, सुनेने बसा म्हणून आग्रह केला, आत आजी झोपून होत्या, सलाईनची बाटली लावलेली. त्याने वर्गणीचा विषय काढला नाही. आजींना स्वतःचं नाव सांगितलं, कुणाचा मुलगा ते सांगितलं, मग त्यांनी त्याच्या पणजोबांची काहीतरी गोष्ट सुरू केली ती वीस मिनिटं चालली. खाली उतरताना जिन्यातल्या खिडकीच्या उजेडात थांबून त्याने खिशातून पेन्सिल काढली आणि वही भिंतीला टेकवून कडेला लिहिलं, "आजी आजारि. दीवाळी नंतर परत येणे." मी वाचलं, वही मिटून त्याच्या हातात दिली आणि आम्ही पुढच्या जिन्याकडे वळलो.